वरच्या दुधावरची पिल्लं

गेल्या व्याख्यानात आपण करुणा आणि विवेक यांच्या नात्याबद्दल बोलत होतो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यानं विचारलं, की हे सगळं ठीक आहे, पण करुणा भरपूर आहे आणि विवेक तेवढा कमी पडला, असं प्रत्यक्षात दिसतं तरी कसं? आम्ही त्या वेळी काहीतरी पुस्तकी उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी येताना रिक्षात आठवलं, की याचं उदाहरण तर आमच्याच हातून घडलेलं आहे. सांगायला संकोच वाटत होता, एवढंच. आज ते सांगतो. मात्र त्यासाठी तुम्हाला एका अगदी अनोळखी प्राण्याची ओळख करून घ्यावी लागेल, आणि त्याच्या पोरक्या पिल्लांना वरच्या दुधावर कसं वाढवतात याचे बारकावेही ऐकावे लागतील. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात ड्रॉपर आणि गरम पाण्याची बाटली आली म्हणून रागावू नका.

प्राण्याचं नाव चिंचिला. आकार साधारण खारीहून बराच मोठा, लहान सशाएवढा. वजन अर्धा किलोच्या आसपास. गोल कान, मोठे काळेभोर डोळे, झुपकेदार शेपूट आणि अंगावर राखाडी केस. त्या केसांचं काय सांगावं! आपल्या डोक्यावर एका छिद्रातून एक-दोन केस उगवतात, चिंचिलाच्या एका छिद्रातून पन्नासच्या वर बारीक केस येतात. हात लावला तर आपण काही धरलं आहे की नाही हेच कळत नाही. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अँडीज पर्वतातला रहिवासी. उंचावरचे कोरडे डोंगर, खडकांच्या कपारी, रात्रीची कडक थंडी. कळपानं राहायचं, संध्याकाळी आणि रात्री बाहेर पडायचं, वाळकं गवत आणि झुडपांची साल खायची. पाण्यानं आंघोळ करायची नाही, बारीक मातीत लोळायचं.

या मऊ केसांनीच त्याचा घात केला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत त्याच्या कातड्याच्या कोटांची फॅशन आली. एका कोटाला शंभरावर जनावरं लागत. चिलीतून वर्षाला लाखांनी कातडी बाहेर जाऊ लागली. १९१० साली शेजारच्या देशांनी मिळून शिकारबंदीचा करार केला, पण तोवर डोंगर जवळजवळ रिकामे झाले होते. आजही रानातला चिंचिला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. चिलीमध्ये इयापेल गावाजवळ १९८३ साली खास त्यांच्यासाठी राखीव जंगल केलेलं आहे.

मग कॅनडा-अमेरिकेतल्या घरांमध्ये हे प्राणी आले कुठून? मॅथायस चॅपमन नावाचा एक अमेरिकन खाण अभियंता चिलीत नोकरीला होता. त्यानं सरकारची परवानगी काढली, माणसं डोंगरात पाठवली, आणि तीन वर्षांच्या खटपटीत मोजून अकरा चिंचिला हाती राहिले. त्यात माद्या फक्त तीन. उंचावरच्या हवेतल्या जनावराला एकदम समुद्रकाठी आणलं तर ते मरेल, म्हणून त्यांना टप्प्याटप्प्यानं खाली उतरवलं, जहाजावर बर्फ ठेवून गारवा राखला, आणि १९२३ साली ती कॅलिफोर्नियात पोचली. उत्तर अमेरिकेतले बहुतेक सगळे पाळीव चिंचिला या अकरांचे वंशज. चॅपमनचा हेतू फरच्या शेतीचा होता, प्राणिप्रेमाचा नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आमची गोष्ट. आमची मुलगी कॅनडात, कॅलगरीला असते. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. जाण्याच्या महिनाभर आधी तिनं एका संस्थेतून चिंचिलाची एक मादी घरी आणली होती. कुणीतरी पाळून मग सोडून दिलेली. ती गाभण आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यात कुणाचा दोष नाही, चिंचिलाचं गाभणपण एवढ्या केसांखाली सहज कळतच नाही. आम्ही पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी, पहाटे, ती व्याली. तीन पिल्लं.

इथं जरा थांबायला हवं, कारण आपला पहिला गैरसमज इथंच आहे. उंदराच्या जातीतलं पिल्लू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? माळ्यावरच्या खोक्यात सापडलेली ती गुलाबी, उघडी, डोळे मिटलेली, बोटाच्या पेरासारखी पिल्लं. उंदरीण वीस-एकवीस दिवसांत विते. चिंचिलाची मादी १११ दिवस पोटात वाढवते. एवढ्याशा जनावराला हे फारच लांबलेलं गर्भारपण झालं. पण त्यामुळे पिल्लू बाहेर येतं तेच मुळी तयार होऊन. अंगावर पूर्ण केस, डोळे उघडे, तोंडात दात. मोठ्यांचे दात नारिंगी असतात, यांचे पांढरे, एवढाच फरक. अंग वाळलं की तासाभरात चालायला लागतं.

हा भेद ॲरिस्टॉटलच्या लक्षात आला होता. काही प्राण्यांची पिल्लं अपुरी जन्मतात, आंधळी असतात, आणि काहींची पुरी होऊन जन्मतात, असं त्यानं प्राण्यांच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथात मांडलं आहे. विसाव्या शतकात आडोल्फ पोर्टमान या स्विस जीवशास्त्रज्ञानं त्याचा फार सुंदर विचार केला. पक्ष्यांच्या बाबतीत घरट्यात बसून राहणारी पिल्लं आणि घरटं सोडून पळणारी पिल्लं असा भेद करतात. कावळ्याचं पिल्लू पहिल्या प्रकारचं, कोंबडीचं दुसऱ्या. पोर्टमान म्हणतो, माणूस यात कुठंच नीट बसत नाही. आपलं बाळ डोळे उघडे ठेवून जन्मतं खरं, पण मान धरत नाही, उठत नाही. दुसऱ्या मोठ्या सस्तन प्राण्यांच्या मानानं ते वर्षभर आधीच जन्माला आल्यासारखं असतं, आणि ते पहिलं वर्ष त्याला आईच्या पोटाऐवजी माणसांच्या मांडीवर काढावं लागतं.

म्हणजे बाळ म्हटल्यावर जी कल्पना आपल्या मनात येते, ती या विचित्र, वर्षभर लवकर आलेल्या प्राण्याची असते. आपले हात त्याच्यावर घडलेले आहेत. हे वाक्य आम्ही वर्गात कितीतरी वेळा उच्चारलं होतं, बरं का. कॅलगरीच्या त्या खोलीत ते आम्हाला काडीचंही आठवलं नाही.

नातवानं पिल्लांची नावं ठेवली. सगळ्यात मोठी ती लाडू, मधला पेढा, आणि एक अगदी बारकं, त्याचं नाव शेंगदाणा. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. लाडू ५२ ग्रॅम, पेढा ४४, शेंगदाणा ३१. तिसाच्या आसपासचं पिल्लू म्हणजे काळजीचं, असं मुलगी म्हणाली. संध्याकाळपर्यंत दिसायला लागलं, की आई शेंगदाण्याला जवळच घेत नाहीये, आणि पेढा जवळ गेला तरी ती खेकसून उडी मारून बाजूला होतेय. आमची सौ. म्हणाली, "पाजत नाही गं ही. टाकलंय तिनं त्यांना."

आई टाकते, असं आपण पटकन म्हणतो. आपल्याकडे गोठ्यातही म्हणतात. पहिलटकरीण गाय वासराला लाथ मारते, तेव्हा "माया नाही हिला" असं म्हणणारी माणसं आणि वाकून तिची कास बघणारी माणसं, अशी दोन प्रकारची माणसं असतात. जनावरांच्या डॉक्टर दुसऱ्या प्रकारच्या होत्या. त्यांनी आधी आईला तपासलं. पिल्लांना जन्मतःच दात असतात हे आत्ताच सांगितलं. तीन पिल्लं दुधासाठी भांडली, की ती एकमेकांची तोंडं चावतात आणि आईचे सडही चावतात. हिच्या एका सडाला जखम होती. ती पिल्लाला झिडकारत नव्हती, तिला दुखत होतं. शिवाय चिंचिलाला पान्हा कधी कधी एक-दोन दिवस उशिरा फुटतो. म्हणजे आपण ज्याला नाकारणं म्हणतो त्याच्यामागे दुखणं असू शकतं, उशीर असू शकतो, पिल्लांची संख्या जास्त असू शकते. खरोखर पोरकी झालेली, म्हणजे आई मेलेली किंवा तिला दूधच नसलेली पिल्लं वेगळी. त्यांच्यासाठी सर्वांत चांगला उपाय दुसरी दूध देणारी मादी. चिंचिलाच्या माद्या बऱ्याचदा दुसरीचं पिल्लू पाजतात. गिनीपिगच्या मादीनंही अशी पिल्लं वाढवल्याची उदाहरणं आहेत. आपल्याकडे मेलेल्या शेळीचं करडू दुसरीच्या कासेला लावतात, त्यातलाच प्रकार. दुसरी आई नसेल, तर मग शेवटी माणूस. म्हणजे आपला नंबर रांगेत शेवटचा आहे.

डॉक्टरांनी सांगितलेला क्रम आम्ही तेव्हा वहीत उतरवून घेतला. आधी ऊब, मग दूध. गारठलेल्या पिल्लाला कधीही पाजायचं नाही, कारण अंग थंड असेल तर पोट कामच करत नाही आणि दूध तसंच पडून राहतं. पाठीला बाक काढून बसलेलं, शेपटी खाली लोळलेली, कान थंड, म्हणजे पिल्लू गारठलंय. ठणठणीत पिल्लाची शेपटी वर वळलेली असते. गारठलेल्याला आधी कोरडं करायचं, हातात किंवा कापडात धरून हळूहळू ऊब द्यायची. मग खोक्यात मऊ कापड, त्याखाली अर्ध्या भागात कापडानं गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. अर्ध्याच भागात. गरम वाटलं तर पिल्लाला स्वतःहून लांब जाता आलं पाहिजे. टर्किशचा टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या कड्यांत नखं अडकतात. आमच्या सौ.नं तिच्या सवयीनं शेंगदाण्याला दुपट्यासारखं घट्ट गुंडाळलं होतं. डॉक्टरांनी हसत हसत ते सोडवलं. चालता येणाऱ्याला बांधून कशाला ठेवायचं?

दुधाची गंमत वेगळीच. डॉक्टरांनी सांगितलं, डब्यातलं इव्हॅपोरेटेड मिल्क आणा, एक भाग दूध, दोन भाग उकळून गार केलेलं पाणी. हे काम आमच्याकडे आलं. आम्ही दुकानातून ऐटीत कंडेन्स्ड मिल्कचा डबा घेऊन आलो. आपल्याला दुधाचा डबा म्हणजे तोच माहीत, बासुंदी आटवायचा कंटाळा आला की उघडायचा. पण तो साखरेनं भरलेला. इव्हॅपोरेटेड म्हणजे नुसतं पाणी कमी केलेलं, बिनसाखरेचं. गोड डबा त्या पोटात गेला असता तर जुलाबानं पिल्लू वाळून गेलं असतं. मुलीनं लेबल वाचलं म्हणून निभावलं. तो डबा पुढे नातवानं पोळीबरोबर संपवला.

आता पाजायचं कसं. एक मिलिलीटरची, अर्थातच बिनसुईची सिरिंज किंवा बारीक ड्रॉपर. पिल्लू जसं जमिनीवर बसतं तसंच, चार पायांवर, डोकं सरळ. ड्रॉपरच्या टोकाला एक थेंब आणायचा, तो ओठाच्या कडेला टेकवायचा, आणि थांबायचं. पिल्लू चाटतं. चाटून गिळलं, की पुढचा थेंब. दाबायचं नाही. शेंगदाण्यासारख्याला एका वेळी अर्धा-पाऊण मिलिलीटर म्हणजे खूप झालं. पहिले काही दिवस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. मग तीन तासांनी, मग चार. पाजून झालं की कोमट ओल्या कापसानं पोटाखालून पुसायचं, म्हणजे शी-शू होते. आई चाटून हेच करत असते.

अर्धा मिलिलीटर पाजायला किती वेळ लागत असेल असं वाटतं तुम्हाला? पंधरा-वीस मिनिटं. तीन पिल्लांपैकी दोघांना पाजायचं, म्हणजे पाऊण तास. भांडी उकळून ठेवायची. की पुन्हा दोन तास भरत आले. आम्हाला भारतातून गेल्यामुळे रात्री झोप नव्हतीच, त्यामुळे रात्रपाळी आमच्याकडे आली. आम्हाला त्याचा अभिमानही वाटत होता. सत्तरीतला माणूस, जन्मभर शब्दांचा व्यवहार केलेला, आणि आता प्रत्यक्ष काहीतरी जगवतोय.

चौथ्या रात्री तीनच्या सुमाराला पेढा पीत नव्हता. त्याचं वजन दोन दिवसांत ४४ वरून ४१ वर आलं होतं. पहिल्या दिवशी थोडं उतरणं ठीक असतं, पण नंतर रोज एक-दोन ग्रॅम का होईना, चढायला हवं. थेंब ओठाला लावला की तो तोंड फिरवायचा. बाहेर बर्फ पडत होता, घरात सगळे झोपलेले. आम्हाला वाटलं, हा उपाशी मरणार. आणि आमच्या हातांनी त्यांना जे माहीत होतं ते केलं. आम्ही त्याला तळहातावर उताणा घेतला, डोकं बोटांवर टेकवलं, आणि सिरिंज दाबली.

तुमच्यातल्या जुन्या मंडळींच्या लक्षात आलं असेल ते चित्र. पाटावर बसलेली आजी, लांब पसरलेले पाय, त्या पायांवर उताणं बाळ, आणि हातात दुधाचं बोंडलं. चांदीचं किंवा पितळेचं, पुढे चोच असलेलं. आमच्या आईनं आम्हाला तसंच पाजलं, आणि आम्ही भावंडं जगलो. आजकालचे बालरोगतज्ज्ञ बोंडल्यानं ओतलेल्या दुधाला हेच सांगून विरोध करतात, की ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पण तो विषय राहू दे. मुद्दा असा, की 'पाजणं' या क्रियेचं हे चित्र आमच्या हातात विचारांच्याही खाली कुठंतरी बसलेलं होतं.

दूध पेढ्याच्या नाकातून आलं. त्यानं दोनदा शिंक दिली. असं झालं तर लगेच पाजणं थांबवून डोकं खाली करून नाक पुसायचं असतं. आम्ही ते केलं. तो शांत झाला. आम्हाला वाटलं, झालं ठीक. आम्ही उरलेलं दूध वहीत 'प्यायला' म्हणून लिहिलं. हे आजही बोचतं. लिहिताना तरी खरं लिहायला हवं होतं. सकाळी मुलीला वेळेत कळलं असतं. दुपारी त्याच्या श्वासाला बारीक टकटक असा आवाज येऊ लागला, तेव्हा आम्ही सांगितलं. डॉक्टरांनी औषध सुरू केलं, पण फुप्फुसात गेलेलं दूध एवढ्याशा जिवाला सहसा पेलत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. मुलगी आम्हाला काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, आजची रात्र मी बसते."

डॉक्टरांना आम्ही विचारलं, की मग काय करायला हवं होतं? त्या म्हणाल्या, त्याला पुन्हा उबेत ठेवायचं होतं आणि अर्ध्या तासानं पुन्हा थेंब दाखवायचा होता. एवढंच. वरच्या दुधावरची पिल्लं नुसत्या भुकेनं जातात त्याहून घाईनं पाजल्यामुळे जास्त जातात, असं त्यांचं अनुभवाचं मत होतं. भुकेल्या पिल्लाला काही तासांची तरी मुदत असते. आणि ज्याच्या पायांत जन्मल्यापासून उभं राहायचं बळ आहे, त्याच्या न पिण्याला काहीतरी अर्थ असतो. पेढ्याचं अंग त्या वेळी गार होतं का, हे आम्ही हात लावून पाहिलंच नव्हतं.

आमच्या विषयात याला नाव आहे. एका प्रकारच्या वस्तूला दुसऱ्या प्रकारची समजून तिच्याशी वागणं, याला आम्ही प्रवर्गदोष म्हणतो. परीक्षेत पाच गुणांना विचारायचो. आमच्याकडे माया कमी नव्हती. उलट, त्या रात्री इतकी होती की डोळ्यांत पाणी होतं. पण ती माया माणसाच्या बाळावर केलेली होती आणि हातात होता चिंचिला. गेल्या वेळच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. विवेक सुटतो तेव्हा माणूस क्रूर दिसतोच असं नाही. कधी कधी तो पहाटे तीन वाजता जागा राहून, प्रेमानं, समोर कोण आहे हेच न बघता काहीतरी करत असतो.

शेंगदाण्याचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. मुलीनं ठरवलं, की माणसानं द्यायचं ते फक्त दूध. बाकी सगळं त्याला त्याच्या आईकडून मिळू द्यायचं. आईच्या सडाला मलम लावून दोन दिवस गेल्यावर ती शांत झाली. मग पाळी लावली. काही तास लाडू आईजवळ, शेंगदाणा खोक्यात. मग काही तास शेंगदाणा आईजवळ, लाडू बाहेर. त्यामुळे भांडण नाही, आणि धाकट्यालाही निवांत सड मिळतो. आई त्याला पाजो न पाजो, जवळ घेऊन बसायला लागली. तिच्या पोटाखालची ऊब बाटलीला कुठून येणार? दूध मात्र दर दोन तासांनी ओठाच्या कडेला, थेंबाथेंबानं, मुलीच्या किंवा जावयाच्या हातून. आम्ही वजन लिहायचो. ३१, ३०, ३०, ३१, ३१, ३३. त्या ३३ च्या दिवशी नातवानं घरभर उड्या मारल्या.

हे पिल्लू मोठ्या चिंचिलांजवळ ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, ऐकायला जरा किळसवाणं वाटेल. ही जनावरं स्वतःच्याच मऊ लेंड्या पुन्हा खातात. गवत पचवायला पोटात जे सूक्ष्म जीव लागतात, ते पिल्लांना मोठ्यांच्या लेंड्यांतून मिळतात. अगदी स्वच्छ, निर्जंतुक खोक्यात वाढवलेलं पिल्लू दुधावर जगतं, पण गवताला लागलं की त्याचं पोट बिघडू शकतं. म्हणून आई नसलेल्या पिल्लाच्या खोक्यातही निरोगी मोठ्या जनावराच्या दोन-चार लेंड्या ठेवतात. आमच्या सौ.नं पहिल्या दिवशी खोकं डेटॉलनं पुसून काढलं होतं. आम्ही एकटेच चुकलो नाही, एवढंच समाधान.

आठवड्याभरानं पिल्लं वाळलेलं गवत कुरतडायला लागतात. पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्यामुळे कुरतडणं ही त्यांची गरजच. दूध साधारण सहा ते आठ आठवड्यांपर्यंत लागतं. जसं गवत वाढेल तसं वरचं दूध कमी करायचं. आणि नर पिल्लं दोन-तीन महिन्यांत वयात येतात, तेव्हा त्यांना आई-बहिणींपासून वेगळं करायचं. व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते, म्हणून घरात बाप असेल तर त्यालाही आधीच वेगळं ठेवावं लागतं. आमच्याकडे बाप नव्हता, तेवढी एक कटकट वाचली. एकटं, फक्त माणसात वाढलेलं पिल्लू पुढे आपल्या जातीत मिसळायला चुकतं, हेही खरं. कोनराड लोरेन्झच्या मागे चालणाऱ्या हंसपिल्लांची छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. गोड दिसतात, पण त्या पिल्लांचा त्यात फायदा काय, हे कुणी विचारत नाही.

आता चॅपमनकडे परत येऊ. हे जे सगळं ज्ञान, म्हणजे कोणतं दूध, किती तासांनी, पाळी कशी लावायची, दुसऱ्या आईकडे कसं द्यायचं, ते जमलं कुठून? त्याचा मोठा भाग जमला तो फरच्या शेतीवर. सुरुवातीच्या काळात एका चिंचिलाची किंमत प्रचंड होती. एक पिल्लू मरणं म्हणजे मोठं नुकसान. त्यामुळे तिथली माणसंही रात्री उठत होती, थेंबाथेंबानं पाजत होती, वजनं लिहून ठेवत होती. अंतिम हेतू कातडं. आणि आमच्या हातून, शुद्ध मायेपोटी, पेढा मेला.

कांट म्हणेल, कृत्याचं नैतिक मूल्य हेतूत आहे. मान्य. आम्ही चाळीस वर्षं तेच शिकवलं. पण पिल्लाच्या बाजूनं बघितलं तर काय दिसतं? पहाटे तीन वाजता त्याला हेतू कळत नाही, धरण्याची पद्धत कळते. फरवाल्याचा हात त्या रात्रीपुरता आमच्या हातापेक्षा चांगला होता. आठ-नऊ महिन्यांनी तोच हात त्याला मारणार होता, हेही तितकंच खरं. या दोन गोष्टी आम्हाला एका तराजूत घालता येत नाहीत. घालाव्यात असंही वाटत नाही. पण फरच्या शेतीचा निषेध करताना तिथल्या वहीतलं ज्ञान घाणेरडं म्हणून फेकून देऊ नये, इतपत आम्ही आलो आहोत. ते ज्ञान होतं म्हणूनच शेंगदाणा जगला.

दोन-तीन प्रश्न आले आहेत, ते घेतो.

एका ताईंनी विचारलं आहे, की पुण्यात चिंचिला पाळता येईल का? ताई, आमचं उत्तर नाही असं आहे. त्या अंगावर एवढे दाट केस, घाम येत नाही. पंचवीस-सव्वीस अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो, आणि दमट उकाड्यात तर उष्माघातानं तासाभरात जातो. पुण्याचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे, मुंबईचं तर विचारूच नका. एसी चोवीस तास चालू ठेवू म्हणाल, तर ज्या दुपारी वीज जाईल त्या दुपारचं काय?

दुसरा प्रश्न, शेळीचं दूध चालतं का? बरेच पाळणारे वापरतात. पण साखर, मध, गूळ यातलं काहीही घालायचं नाही, आणि प्रत्येक वेळी ताजं, कोमट करून. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा. पण हा सल्ला कसलंही पिल्लू सापडलं की सरसकट वापरू नका. खारीचं, मांजराचं, सशाचं, प्रत्येकाचं दूध वेगळं आणि धरायची रीतही वेगळी. आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन.

आणि शेवटचा, शेंगदाणा अजून आहे का? आहे. चांगला अर्ध्या किलोचा झाला आहे. नीट सांभाळला तर चिंचिला पंधरा-वीस वर्षंही जगतो, म्हणजे तो आमच्या मागेही राहील. माणसानं उचललेलं त्याला अजिबात आवडत नाही. लाडूच्या अंगावर पाय टाकून झोपतो. रविवारी व्हिडिओ कॉलवर नातू त्याला आमच्यासमोर धरतो, तेव्हा तो मान फिरवून फोनची कड कुरतडायला लागतो.